पाच छर्रे झाल्यावर

प्रिय मास्तरीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच टेबलावर ठेवलं असशील, तर माझी काही तक्रार नाही. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, फोन केला नाही. ज्या दिवशी तू घराची किल्ली परत द्यायला आलीस त्या दिवशी ती मी दारातच हातात घेतली, 'बरं' म्हटलं आणि दार लावलं. आत ये म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. तू जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत मी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून तुझी पावलं ऐकत होते, पण हे तुला कुठून कळणार? तेव्हा आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला धाकधूक नको. हे पत्र माझ्या मुलाच्या वतीने नाही. तुमचं जे मोडलं ते तुम्ही दोघांनी भांडण न करता, शहाण्यासारखं मोडलं. तो त्याच्या जागी बरा आहे, तूही बरी आहेस असं कानावर येतं. मला जुळवायचंय ते तुझं आणि माझं, आणि ते जमेल की नाही ते सर्वस्वी तुझ्या हातात आहे. पण तिथवर पोचायच्या आधी एक बातमी आहे. उभी असशील तर खाली बस. मी एअर रायफल विकत घेतली आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. साधी स्प्रिंगची आहे, नळी वाकवून भरायची, वर दुर्बीण-बिर्बीण काही नाही, नेम धरायला पुढे माशी आणि मागे खाच. दुकानदाराने विचारलं, कितव्या वर्षाच्या मुलासाठी हवीय. मी म्हटलं, बासष्टाव्या. तो बिचारा ह्यांच्याकडे बघायला लागला, तर ह्यांनी दोन्ही हात वर करून आपला ह्यात काही संबंध नसल्याचं दाखवलं. मग त्याने मला सर्वांत हलकी रायफल दाखवली, मी ती खांद्याला लावली आणि डावं कोपर बरगडीला टेकवलं, तेव्हा तो छर्ऱ्यांच्या डब्या काढायला लागला. कोपर तसं टेकवायचं असतं हे मला कोणी शिकवलंय, हे त्याला काय माहीत?

तुला वाटेल म्हातारीला भलतं खूळ लागलं. खूळच आहे, नाही म्हणत नाही. पण तुला ठाऊक आहे, छत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या औषधखोलीत तराजूसमोर उभी राहिले. गुंजभर इकडची तिकडे होऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मी घरातले डबे नीट मांडले आणि पुढचे सहा महिने ते पुन्हा मांडले. शेवटी हे म्हणाले, आता मलाच कुठेतरी मांडून ठेवशील, त्यापेक्षा बाहेर काही बघ. बाहेर बघायचं म्हटल्यावर मला एकच जागा आठवली, ती म्हणजे तुझा नेमबाजीचा क्लब. चार वर्षं दर शनिवारी तू मला बरोबर न्यायचीस, परतताना बाजार करता यावा म्हणून. तू मुलींना शिकवायचीस आणि मी मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायचे. तुला वाटायचं माझं लक्ष टाक्यांकडे आहे. मलाही तसंच वाटायचं. पण बाई गं, तू त्या पोरींना जे जे बोललीस ते सगळं माझ्या कानात साठून राहिलंय, हे मला रायफल हातात घेतल्यावर कळलं. त्यांच्यावर तू ओरडत होतीस आणि शिकत होते मी.

घरात सोय अशी केली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत, मधली दोन दारं उघडी ठेवली, तर सरळ रेषेत बरोबर दहा मीटर भरतात. मी टेप लावून तीनदा मोजलंय. खालच्या मजल्यावरच्या सुताराने जाड फळ्यांची पेटी करून दिली, तिला मागून लोखंडी पत्रा ठोकला आणि आत काचा बसवायची पुट्टी ठासून भरली. तिच्यावर कागद लावायचा. बाहेरच्या दाराला कडी, ह्यांनी माझ्या मागे खुर्चीत बसायचं, उठायचं झालं तर आधी सांगायचं. माझ्या पुढे माणूस नाही, मांजर नाही, ही खात्री केल्याशिवाय नळी वाकवायची नाही, हा तुझा पहिला नियम मी ह्यांच्याकडून पाठ करून घेतलाय. ते आता शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवतात.

पहिल्या दिवशी मात्र माझी पार फटफजिती झाली. पहिल्याच छर्ऱ्याला नळीतून धूर निघाला आणि घरभर जळक्या तेलाचा वास. हे म्हणाले, गॅसवर काय ठेवलंयस? तीस छर्रे मारले, त्यातले कागदावर सत्तावीस, आणि ते सत्तावीस असे पसरलेले की कागद गोवर आल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी मी तडक दुकानात. सदोष माल आहे, बदलून द्या. दुकानदार शांतपणे म्हणाला, बाई, नवीन स्प्रिंगमध्ये कारखान्याचं तेल असतं, ते जळून जायला हवं, आतला वॉशर बसायला हवा. तीन-चारशे छर्रे मारा, तोवर कागदाकडे बघूच नका. मला पटलं नाही. आमच्या कामात पहिली पुडी चुकली तर शंभरावी बरोबर यायची वाट बघत नसतात. पण पैसे देऊन बसले होते, करते काय? रोज सकाळी चहानंतर चाळीस, असे दहा दिवस मारले आणि खरंच कागद उलटा लावला, म्हणजे वर्तुळं दिसायलाच नकोत. दहाव्या दिवशी धूर थांबला, वास गेला, आणि आधी जो खणखण आवाज यायचा तो जाऊन एकच ठोका ऐकू यायला लागला. आता तिला नेमाचं विचारावं इतकी ती लायक झाली होती.

मग मी तिला विचारलं आणि तिने मला वाकुल्या दाखवल्या. मी टेबलाच्या कडेवर रायफल टेकवली, दोन्ही हातांनी गच्च आवळली, खांद्यात रुतेल इतकी दाबली. म्हटलं, आता हलून दाखव. सगळे छर्रे वर, वर्तुळाच्या वर, एक तर पेटीच्या फळीत. जितकं आवळावं तितकं ते वर आणि बाजूला. दंड दुखायला लागला. तेव्हा एकाएकी तुझा आवाज आठवला, त्या दोन वेण्यांच्या मुलीला तू म्हणाली होतीस, अगं ती काय पळून चाललीय का, पोलिसासारखी धरतेस कशाला? छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धावलेला असतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे जाते, तिला जायचं तिथे जाऊ दे, फक्त दर वेळी सारखंच जाऊ दे. हे तू इतक्या वेळा सांगितलंस की मला त्या वेळी झोप यायची. मी टेबल सरकवलं. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर रायफल नुसती टेकवली, बोटं मिटली नाहीत, खांद्याला हलकी लावली. तळवा दर वेळी त्याच जागी यावा म्हणून लाकडावर खडूने रेघ मारली. छर्रा गेल्यावरही भोक दिसेपर्यंत गाल उचलायचा नाही, हे मनातल्या मनात म्हणत राहिले. आणि भोकं खाली उतरली, जवळ जवळ यायला लागली. माझ्या मागून टाळी ऐकू आली. मी ओरडले, टाळ्या वाजवायच्या नाहीत, रेंज चालू आहे!

आता माझी खरी खोड सांगते, जी तुझ्या कुठल्याही विद्यार्थिनीत नसेल, कारण ती तराजूपुढे उभं राहिल्याशिवाय लागत नाही. काटा हलला की त्या क्षणी दुरुस्त करायचं, ही माझ्या बोटांची सवय. एक छर्रा डावीकडे गेला की मी मागच्या खाचेचा स्क्रू फिरवायची. पुढचा उजवीकडे गेला की उलटा. खाली गेला की वरचा स्क्रू. एका सकाळी मी चाळीस छर्ऱ्यांत चाळीस वेळा स्क्रू फिरवला आणि खाच एका टोकाला जाऊन अडकली, पुढे सरकायलाच तयार नाही. मी घामाघूम. छर्रे मी मारतेय आणि स्क्रू मला फिरवतोय अशी गत झाली. तुझं वाक्य तोंडपाठ होतं, एका भोकावर स्क्रू फिरवायचा नाही, पाच छर्रे झाल्याशिवाय कोणी हात लावला तर बोटं मोडून ठेवीन. पाठ असणं वेगळं आणि बोटांना ते पटणं वेगळं. शेवटी मी खाच मध्यावर आणली आणि दोन्ही स्क्रूंवर चिकटपट्टी लावून वर तारीख घातली, औषधखोलीत आम्ही गुंगीच्या औषधांच्या कपाटाला लावायचो तशी. सील तोडायचं तर कारण लिहून ठेवायचं. ह्यांच्या मते जगात रायफलला सील ठोकणारी मी पहिलीच असेन.

सील लागल्यावर निमूटपणे पाचाचे डाव सुरू केले. पाच छर्रे, कागद बदलायचा, पुन्हा पाच. प्रत्येक कागदावर तारीख आणि कुठल्या डबीतले छर्रे ते. दुकानातून चार वेगवेगळ्या डब्या आणल्या होत्या. मी आपला निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला छोटा तराजू काढला आणि एकेक छर्रा तोलला. दोन दिवस हा उद्योग चालला होता, हे आंघोळीला जा म्हणाले की मी हातानेच थांबा म्हणायची. सर्वांत महाग डबीतले छर्रे वजनाला अगदी एकसारखे निघाले आणि कागदावर हातभर पसरले. सर्वांत स्वस्त डबीतले, ज्यांच्या कडा मला जरा ओबडधोबड वाटल्या होत्या, ते एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. रायफलला काय आवडेल ते तिलाच विचारावं लागतं, असं तू म्हणायचीस. मला तेव्हा वाटायचं तू मुलींना खुळं बनवतेस.

सगळं असं छान चाललेलं असताना एका आठवड्यात होत्याचं नव्हतं झालं. नाण्याखाली बसणारे छर्रे बशीखालीही मावेनात. मी आधी चष्म्याला दोष दिला, मग झोपेला, मग ह्यांच्या खोकल्याला. डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले नंबर तोच आहे. मग मी माझ्या वयाला दोष दिला आणि ते मात्र मनाला लागलं. दोन दिवस रायफलला हात लावला नाही, डबे मांडायला घेतले. हे घाबरले. त्यांनी सुताराला वर बोलावलं, पेटी हलतेय का बघायला. तो पेटीकडे गेलाच नाही. त्याने रायफल उचलली, लाकूड आणि लोखंड दोन्हीकडून धरून हलवलं आणि ते कुडकुडलं. लाकडाखालचे दोन स्क्रू इतके सैल होते की त्याने ते बोटाने फिरवून दाखवले. इतके हादरे बसल्यावर लाकडातला स्क्रू ढिला होणारच, रोज बघायला हवा, तो म्हणाला. रोज सराव सुरू करण्याआधी स्क्रू तपासा, हे तू फळ्यावर खडूने लिहून ठेवलेलं असायचं. मी त्या फळ्यासमोर चार वर्षं बसले होते. मला नको तो स्क्रू फिरवायची घाई, आणि हवा तो मी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी मी इतकी हसले की सुतार चहा न घेताच गेला.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी हे पत्र तीनदा फाडलं आहे. स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा पाचाचे डाव चालू झाले. एका कागदावर चार छर्रे एकाला एक चिकटलेले आणि पाचवा, खरं म्हणजे पहिला, दोन बोटं लांब. मी तो कागद हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि मनात आलं, हा एकच मारून थांबले असते तर? ह्या एकावरून मी सगळी खाच फिरवून टाकली असती आणि बाकीचे चारही चुकवले असते. आणि तिथेच, हातात कागद असताना, मला तू आठवलीस.

ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तू नव्हतीस. मुलींना घेऊन बाहेरगावी सामन्याला गेली होतीस. आमचे सगळे नातेवाईक हॉस्पिटलात जमले होते आणि प्रत्येकाने एकदा तरी विचारलं, सूनबाई कुठे आहेत. मी दर वेळी काहीतरी सांगत होते आणि आतून तापत होते. तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलीस, खांद्यावर बॅग, चेहऱ्यावर दिवसभराच्या प्रवासाची धूळ. तू दारातून आत पाऊल टाकलंस आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, या, पाहुण्या आल्या बघा. तू बॅग खाली ठेवलीस. ह्यांच्या पायाला हात लावलास, उशी सारखी केलीस आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलीस. त्यानंतर वर्षभर मी तुझ्याशी जे वागले ते त्या एका भोकावर वागले. तू उशिरा आलीस की मी मनात स्क्रू फिरवायची. तू लवकर आलीस तरी फिरवायची. माझ्या मुलाचं आणि तुझं बिनसलं त्यात माझा हात नव्हता हे खरं आहे, पण तुमचं बिनसतंय हे दिसत असताना मी तुझ्या बाजूने एक शब्दही काढला नाही, आणि मला मनातून वाटलं होतं की चला, माझा अंदाज बरोबर निघाला. हे लिहिताना मला लाज वाटते. वाटायलाच हवी.

बाकीची भोकं मी पाहिलीच नव्हती. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा दीड महिना रोज सकाळी तू माझी वेणी घालायचीस. किती वाईट घालायचीस गं! भांग दर दिवशी नव्या दिशेला. मी तशीच कामावर जायची आणि तिथे कोणी हसलं तर सांगायची, सुनेने घातलीय, आणि सांगताना मला केवढी ऐट वाटायची, ते मी तुला कधी बोलले नाही. आणि ज्या आठवड्यात वॉर्डातून माझ्यावर चुकीचं औषध दिल्याचा ठपका आला होता, तेव्हा माझा मुलगा म्हणाला, होतं कधी कधी, वय झालं. तू मात्र शनिवारचा अख्खा दिवस माझ्याबरोबर जुन्या चिठ्ठ्या उलगडत बसलीस, क्लब बुडवून, आणि दुपारी तीन वाजता वॉर्डाचीच चुकलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरलीस. तेव्हा मी रडले होते आणि तू चष्मा पुसून दिला होतास. पुढच्या शनिवारी मात्र आपण दोघींनी असं दाखवलं की काही झालंच नाही. बाईमाणसं विचित्र असतात, त्यात मी जास्त. स्वयंपाकात मीठ विसरायचीस तेही ह्यात धरते, कारण हिशेब करायचा तर पुरा करावा. आठ वर्षांचा कागद समोर ठेवला, तर ती सगळी भोकं एकाच जागी आहेत, आणि ती जागा चांगली आहे. मी चुकले, बाळा. तुझ्यावर अन्याय केला. माफ कर असं म्हणायचा मला फारसा सराव नाही, म्हणून सरळ लिहिते. मला माफ कर.

ह्यात एक गंमतही आहे, ती तुला आधीच माहीत आहे आणि मलाच माहीत नव्हती. मी हे पत्र पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा हे पाणी प्यायला म्हणून आले आणि माझ्या खांद्यावरून पहिली ओळ वाचली. तिथेच उभे राहिले. मग स्वतःहून सांगितलं की ऑपरेशनच्या दिवशी पहाटे हॉस्पिटलातून त्यांनीच तुला फोन केला होता. त्या पोरींना परक्या गावात एकट्या सोडू नकोस, तू जा, माझा खडा काढतायत, मी काही चंद्रावर चाललेलो नाही, असं म्हणाले होते म्हणे. तू दोनदा विचारलंस आणि त्यांनी दोन्ही वेळा तुला पिटाळलं. मी विचारलं, मग इतके दिवस तोंडात गुळणी का धरली होती? तर म्हणाले, आधी तू रागावली होतीस म्हणून थांबलो, राग जायची वाट बघितली, मग उशीर झाला, मग आणखी उशीर झाला. दुपारच्या जेवणापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं, तेव्हा आपल्या ताटातला स्वतःच्या वाटणीचा मोठा तुकडा त्यांनी गुपचूप माझ्या पानात सरकवला. चाळीस वर्षांत त्यांना माफी मागायची एवढी एकच पद्धत येते. पण एक लक्षात ठेव, त्या फोनची गोष्ट मला नंतर कळली. ती कळली नसती तरी हे पत्र आलंच असतं. आणि तू तो फोन झाला म्हणून एका शब्दानेही सांगितलं नाहीस, माझ्यासमोर त्यांना उघडं पाडलं नाहीस, ह्याचं मी काय करू ते मला कळत नाही.

आता चांगली बातमी. गेल्या गुरुवारी सकाळी पाच छर्रे मारले आणि कागद आणायला गेले तर त्यावर एकच भोक. मी म्हटलं, चार गेले कुठे? पेटी तपासली, भिंत तपासली. मग चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं. एकच होतं, पण कडा पाकळ्यांसारख्या. पाचही त्यातून गेले होते. ह्यांच्या सदऱ्याच्या बटणाखाली झाकलं जाईल एवढंच. काळ्या वर्तुळाच्या बाहेर होतं, खाली आणि डावीकडे, गुण मोजायचे तर हाती काही नाही. पण मी इतकी खूश झाले की हे धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. लागोपाठ तीन डाव तसेच, त्याच जागी. तेव्हा कुठे मी सील तोडलं. वहीत कारण लिहिलं, पंधरा छर्रे एका जागी. खाच आठ घरं वर, पाच घरं उजवीकडे. पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा तारीख. पुढचे पाच मधोमध बसले. मी रायफल खाली ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिले. हे म्हणाले, आता काय? मी म्हटलं, आता काही नाही, बसू द्या. खिडकीतून ऊन येत होतं, खाली सुताराचा रंधा चालला होता. निवृत्त झाल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि आता हे पत्र आजच का, ते सांगते. तुझ्या जुन्या क्लबात पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी साठीच्या वरच्यांची स्पर्धा आहे, दहा मीटर, साध्या स्प्रिंगच्या रायफलची. मी अर्ज आणला. तुम्ही ज्याला कर्नल म्हणता आणि जो कुठल्याच फौजेत नव्हता, तो अजून तिथेच आहे. त्याने सांगितलं, पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या अर्जावर शिकवणाऱ्याचं नाव आणि सही लागते, आणि त्या दिवशी शिकवणाऱ्याने मागे उभं राहावं लागतं, नाहीतर अर्ज बाद. मग छाती पुढे काढून म्हणाला, घाला माझं नाव, मी उभा राहतो. मी नाही म्हटलं. त्याच्या टेबलावर, त्याच्या समोर, शाईच्या पेनाने तुझं नाव लिहिलं. खोडता येणार नाही, दुसरा अर्ज ते देत नाहीत. तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू नाही आलीस तर मी इथे घरात माझे पाच छर्रे मारीन, आणि मी तुझ्यावर रागावणार नाही, ह्या वेळी खरंच नाही. पण मला शिकवलंय तूच, आणि त्या जागेवर दुसऱ्या कोणाचं नाव मला चालणार नाही. अर्ज ह्याच पाकिटात आहे. सहीच्या जागेवर पेन्सिलने बारीक फुली केली आहे, परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीट जोडलंय. पेनही ठेवते, घरात वेळेवर सापडत नाही.

तुझीच,
जे म्हणशील ती